आठ आण्याची पिशवी

जून २०१९ मध्ये विधिमंडळात एक घोषणा झाली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी सांगितलं, की राज्यात रोज दुधाच्या एक कोटी पिशव्या रिकाम्या होतात आणि त्यांतून रोज ३१ टन कचरा होतो. तेव्हा यापुढे प्रत्येक पिशवीमागे गिऱ्हाइकानं ५० पैसे अनामत ठेवायची आणि रिकामी पिशवी दुकानात दिली की अनामत परत घ्यायची. अंमलबजावणी महिन्याभरात.

लोकसभेच्या निवडणुकीतलं ‘आमचं ठरलंय’ हे घोषवाक्य तेव्हा कोल्हापुरात अजून लोकांच्या तोंडात होतं. सरकारचंही ठरलंय म्हटल्यावर आम्ही विश्वास ठेवला. दुधाच्या बाबतीत कोल्हापूरकर पटकन विश्वास ठेवतो. ज्या जिल्ह्यात दूध संघाची निवडणूक आमदारकीपेक्षा जास्त ईर्ष्येनं लढवली जाते, तिथं दुधाच्या रिकाम्या पिशवीलाही काही किंमत असणार, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

प्रश्न एवढाच होता की ५० पैसे द्यायचे कसे. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं. आठ आण्याचं मात्र कायद्यानं अजून जिवंत आहे. नाण्यांचा कायदा सांगतो, की आठ आण्याच्या नाण्यांत १० रुपयांपर्यंतचं देणं फेडता येतं. म्हणजे वीस पिशव्यांपर्यंत दुकानदार तुमच्या हातावर आठ-आठ आणे मोजू शकतो. एकविसावी पिशवी आणलीत की कायद्यावर बोट ठेवून नाणी नाकारायचा हक्क तुम्हाला. कायद्यात सगळी सोय आहे, फक्त नाणं नाही. कोल्हापुरात आठ आणे शेवटचे दिसले असतील ते अंबाबाईच्या देवळाबाहेर, आणि तिथंही घेणारा आधी नाण्याकडे बघायचा, मग तुमच्या तोंडाकडे.

नाणं नाही म्हटल्यावर दुकानदार काय देणार? गोळी. म्हणजे दोन पिशव्या दिल्या की एक चॉकलेटची गोळी, तीही प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. पिशवी मोठी, ती उचलायला सोपी. गोळीचा कागद खिशातून पडतो, गटारीत जातो आणि तिथून जयंती नाल्याच्या रस्त्याला लागतो. प्लॅस्टिक कमी करायची ही पद्धत आपल्या लक्षात येईपर्यंत पोरांचे दात किडलेले असते.

समजा, योजना खरंच सुरू झाली असती. शुक्रवार पेठेतलं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. सकाळचे सात. क्रेट उतरलेत, दुकानदार गल्ल्यावर अगरबत्ती फिरवतोय, आणि समोर एक काकी हातात फुगलेली पिशवी घेऊन उभ्या.

“काकी, ह्या समद्या आमच्या न्हाईत.”

“आमच्या न्हाईत म्हंजे? रोज तुज्याकडनंच दूध न्हेतो की.”

“म्हशीच्या आमच्या. ह्या गाईच्या दुसऱ्या संघाच्या, त्या त्यांच्या दुकानात द्या. आनि ही ताकाची. ताकाला अनामत न्हाई.”

“ताक काय दुधाचं न्हाई व्हय रं?”

“ते मंत्र्यास्नी इचारा. आनि काकी, हिचा कोपरा कुठाय?”

कोपरा सिंकच्या जाळीत. पिशवीचा कोपरा कात्रीनं उडवायचा आणि दूध पातेल्यात ओतायचं, ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरातली पहिली कृती. डोळे चोळत उठलेली बाई तो तुकडा कुठं पडला हे बघत बसत नाही. आता दुकानदार म्हणणार, अख्खी पिशवी पाहिजे. काकी म्हणणार, कोपऱ्याचे दहा पैसे कापून घे आणि बाकीचे दे. दहा पैशाचं नाणं तर आठ आण्याच्याही आधी गेलेलं. मागं रांग वाढतेय, शाळेच्या रिक्षा हॉर्न वाजवताहेत, आणि एका न धुतलेल्या पिशवीतून मे महिन्यातल्या दुधाचा वास सुटलाय.

दुकानदाराचीही बाजू आहे. दुधात सुटतं ते पैशांत. त्यासाठी तो पहाटे चारला उठतो. वर रिकाम्या पिशव्या मोजायच्या, गाय-म्हैस वेगळी करायची, पोत्यात भरायच्या आणि ते पोतं दूध आणणाऱ्या टेम्पोवाल्याच्या गळ्यात मारायचं. टेम्पोवाला म्हणणार, मी दूध आणायला येतो, वास न्यायला नाही. त्याचंही चुकत नाही. संघापासून दारापर्यंतच्या उतरत्या वाटेवर प्रत्येकाला थोडं थोडं कमिशन आहे. परतीच्या चढाला कुणी छदाम ठेवला नव्हता.

आता थोडा हिशेब. एक कोटी पिशव्या आणि ३१ टन, म्हणजे एक पिशवी साधारण तीन ग्रॅमची. किलोत सव्वातीनशेच्या आसपास पिशव्या बसतात. आठ आण्यानं एका किलोची अनामत झाली १६० रुपये. रद्दीवाला किलोला जे देतो ते याच्या आसपासही फिरकत नाही. कोल्हापूरकराला एवढं गणित कळलं की पुढचं सांगावं लागत नाही. कागलच्या पुढं कोगनोळी नाका ओलांडला की कर्नाटक. तिकडच्या पिशवीला अनामत नाही. निपाणी-चिकोडीत रद्दीच्या भावानं पोती भरायची, इकडं आणायची आणि आठ आण्यानं खपवायची. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून कैक वर्षं आंदोलनं झाली, खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. निपाणी आली नसती, तिच्या पिशव्या मात्र बिनशर्त सामील झाल्या असत्या. पिशवीवर दुसऱ्या राज्याच्या संघाचं नाव आहे अशी कुणी हरकत घेतली असती, तर ‘भाषिक भेदभाव करता काय?’ असं विचारायला माणसं तयार होतीच.

दुसरा हिशेब अजून गोड. एक कोटी पिशव्यांचे रोजचे ५० लाख. महिन्याचे १५ कोटी. समजा निम्म्याच पिशव्या परत आल्या, तर उरलेले साडेसात कोटी कुणाचे? सरकारचे, संघाचे, वितरकाचे की दुकानदाराचे? जगात जिथं जिथं अशी योजना चालते तिथं हा प्रश्न सोडवावाच लागतो. आपल्याकडं तो कुणी मोठ्यानं विचारलाच नाही. कुणी विचारला असता तर योजना महिन्याभरात नाही, आठवड्यात सुरू झाली असती.

बरं, महिन्याभरात काय झालं? पूर आला. ऑगस्ट २०१९. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर बंधाऱ्याला, पुलांना, उसाच्या शेंड्यांना, विजेच्या तारांना काय लटकत होतं ते सगळ्यांनी पाहिलं. वर्षानुवर्षं नदीत टाकलेलं सगळं पंचगंगेनं परत आणून दिलं. पावती मागितली नाही, कोपरा तपासला नाही, गाय-म्हैस केली नाही. राज्यातली वेळेत अमलात आलेली परतावा योजना ती एकच. २०२१ च्या जुलैत नदीनं दुसरा हप्ताही दिला.

दुधाच्या आधी पाण्याच्या बाटलीचीही अशीच वरात निघाली होती. २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडला तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि वर तुरुंग. बाटलीवर परतीची किंमत छापायची होती. लिटरच्या बाटलीला १ रुपया आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीला २. धाकटीचा मान थोरलीच्या दुप्पट. लहान बाटली जास्त फेकली जाते म्हणून तसं केलं असेल, पण ते दुकानदाराला समजावून सांगणारा माणूस त्याच्याकडं कधी आला नाही. आला तो दंडाची पावती घेऊन.

आणि त्याच बाटलीवर बारीक अक्षरांत काय छापलेलं असतं? वापर झाल्यावर चुरगळून टाका. कारण न चुरगळलेली बाटली कुणीतरी नळावर भरून, झाकण बसवून, एसटी स्टँडवर पुन्हा विकतो. तिकडं आयर्लंडमध्ये २०२४ पासून अनामत योजना सुरू आहे. तिथलं यंत्र चेपलेली बाटली घेतच नाही, त्याला आकार आणि पट्ट्यांचा कोड नीट दिसावा लागतो. चुरगळली तर रुपया बुडाला, नाही चुरगळली तर कुणाच्या तरी पोटात नळाचं पाणी. यातून मार्ग काढावा एवढी बुद्धी परमेश्वरानं सामान्य माणसाला दिलेली नाही. ती फक्त मंत्रालयात असते.

त्या बंदीत कोल्हापूरचा एक खास प्रश्न कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. मटणाच्या पार्सलबरोबर तांबडा-पांढरा रस्सा पिशवीत बांधून मिळायचा. पांढरा रस्सा हे कालवण की पेय? बाहेरच्याला कालवण वाटतं. इथं वाटीवर वाटी पितात. मग त्याची पिशवी पेयाच्या डब्यात धरायची की अन्नाच्या? अधिसूचनेत उत्तर नव्हतं. लोकांनी मुकाट्यानं माळ्यावरच्या किटल्या काढल्या. सरकारी प्लॅस्टिकबंदीचं शंभर टक्के यश मी पाहिलं असेल, तर रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत.

म्हणून कुणी म्हणेल, हे सगळं आपल्याकडं जमायचंच नाही. तसंही नाही. उत्तराखंडात केदारनाथाच्या वाटेवर २०२२ पासून बाटलीवर १० रुपये अनामत आहे. बाटलीला कोड चिकटवतात, खाली परत दिली की १० रुपये मिळतात. आमचा जोतिबाही केदारनाथच. चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर बाटल्यांचा खच पडतो, आणि गुलाल त्या खचावरही पडतो. त्या केदारनाथाला जे जमलं ते या केदारनाथाला जमू नये असं देवाचं काही म्हणणं नसावं. तमिळनाडूनं २०२२ मध्ये निलगिरीपासून दारूच्या बाटलीवर १० रुपये अनामत लावली, केरळनं २०२५ मध्ये २० रुपये. दुकानातले कर्मचारी वैतागले, स्टिकर चिकटवण्यावरून भांडणं झाली, तरी बाटल्या परत येऊ लागल्या. गोव्यानं २०२४ मध्ये अनामत योजनेची अधिसूचनाच काढली. शनिवार-रविवारी आंबोली घाटातून खाली उतरणाऱ्या गाड्या बघता, त्या योजनेचं यश बऱ्याच अंशी कोल्हापूरकरांच्या हाती आहे.

आकडे लक्षात घ्या. पाण्याच्या बाटलीला १०, दारूच्या बाटलीला २०, जर्मनीत शीतपेयाच्या बाटलीला २५ सेंट. तिथं नोकरीला गेलेली आपली पोरं, जी इथं आईनं सांगून ताट उचलत नव्हती, ती आठवड्याच्या बाटल्या पिशवीत भरून यंत्रासमोर शिस्तीत रांगेत उभी राहतात. माणूस तोच. किंमत वेगळी. आणि आपल्याकडं दुधाच्या पिशवीला आठ आणे, तेही अस्तित्वात नसलेले.

आता अनामत मागं पडली आणि तिच्या जागी प्रमाणपत्रं आली. २०२२ पासून केंद्राच्या नियमांनुसार प्लॅस्टिक बाजारात आणणाऱ्या कंपनीनं तेवढं प्लॅस्टिक गोळा झाल्याचं प्रमाणपत्र दाखवायचं. स्वतः गोळा केलं नसेल तर दुसऱ्याकडून विकत घ्यायचं. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी लाखो प्रमाणपत्रं बोगस निघाली. पिशवी गटारीत राहिली आणि तिचा कागद तेवढा परत आला. काकींना हा मार्ग कुणी सुचवला नाही, नाहीतर त्यांनीही कोपऱ्याचं प्रमाणपत्र आणलं असतं.

या सगळ्या काळात पिशव्या गोळा होतच होत्या. रोजची पिशवी उलटी करून धुवायची, ओट्यामागच्या फरशीवर चापट चिकटवायची, वाळली की आपोआप सुटून पडते, मग तिची घडी पिठाच्या जुन्या डब्यात. डबा भरला की भंगारवाला. त्याचा तराजू सरळ नसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो गाय-म्हैस करत नाही, बिल मागत नाही आणि कोपरा नाही म्हणून पिशवी नाकारत नाही. जे घरात धुतलं जात नाही ते पहाटे कोंडाळ्यातून कचरावेचक बायका उचलतात, हातमोज्यांशिवाय. त्यांना ना अनामत, ना प्रमाणपत्र. आणि ज्याला यातलं काहीच नको त्यानं गंगावेशीत दूध कट्ट्यावर जावं. म्हैस समोर, धार समोर, दूध थेट पेल्यात. पिऊन झालं की पेला परत. अनामत शून्य, परतावा शंभर टक्के.

तेव्हा सरकारला हात जोडून एवढंच. ही योजना पुन्हा कधी काढाल तर आठ आण्याची काढू नका, पाच रुपयांची काढा. ५ रुपये बुडतात म्हटल्यावर कोल्हापूरकर पिशवी नदीत टाकणार नाही, दुसऱ्यानं टाकलेली काढून आणेल. आणि पिशव्या घ्यायचं काम दूधवाल्याच्या बोकांडी बसवू नका. ते भंगारवाल्याला आणि कचरा वेचणाऱ्या बायकांना द्या, वर कमिशन द्या. त्यांना तीन ग्रॅमची पिशवी ओळखायला कोड लागत नाही.

आणि काकी, तोवर तुम्ही एक करा. पिशवी कापताना कोपरा पुरता उडवू नका, थोडा चिकटलेला राहू द्या. सुटलेला तुकडा भंगारवालाही उचलत नाही.