आलोच आहोत तर

जर्मनीतलं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तास भरायला लागतात महिन्याच्या मध्यावर. पुण्या-नाशकाहून मास्टर्सला निघालेला आपला विद्यार्थी मात्र सप्टेंबरातच तिथे हजर. घरी सांगितलेली कारणं भारदस्त असतात: खोली ताब्यात घ्यायची, पत्त्याची नोंदणी करायची, हवेची सवय व्हायला हवी. खरं कारण तीनच शब्दांचं. आलोच आहोत तर.

त्याला ओळखणं सोपं आहे. पाठीवर इंजिनिअरिंगपासूनची सॅक, तिच्या बाजूच्या कप्प्यात भडंगाची पिशवी, आणि शर्टाच्या आत लपवलेलं पासपोर्टचं पाऊच. ते जागेवर आहे ना, हे तो इतक्यांदा चाचपून बघतो की ते कुठे आहे हे सबंध फलाटाला कळतं.

त्याची आर्थिक स्थिती अजब असते. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये भरलेले, म्हणजे कागदोपत्री हा दहा लाखांहून अधिकचा धनी. पण त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही तिथल्या खात्यात. खातं उघडायला बहुधा पत्त्याची नोंदणी लागते, नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि घरमालक सुट्टीसाठी मायोर्काला गेलेला असतो. तोवर सगळी भिस्त बाबांनी भरून दिलेल्या फॉरेक्स कार्डावर. त्यात युरो शंभरीपार गेलेला. पूर्वी पंच्याऐंशीने गुणेपर्यंत निदान कॉफी हातात पडायची. आता दोन शून्यं लावली की झालं. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचा एक युरो म्हणजे शंभर रुपये हे गणित इतक्या झटकन सुटतं की गरजच ओसरते.

प्रवासाचं सूत्र ठरतं ते 'डॉइचलांड-टिकेट'वरून. मे २०२३मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं आणि जानेवारी २०२६पासून ६३वर गेलेलं हे मासिक तिकीट देशभरातल्या लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं, वेगवान आयसीईला चालत नाही. सुज्ञ माणूस यावरून आसपासची गावं बघून घेतो. आपला विद्यार्थी बर्लिनहून म्युनिकला 'फुकट' निघतो. आयसीईने चार तासांचं हे अंतर, गाड्या बदलत बदलत नऊ-दहा तासांत पार पडतं. 'देश बघायला मिळतो ना,' असं त्याचं म्हणणं. त्याला बघायला मिळतात ते मुख्यतः जिने.

प्रेक्षणीय स्थळांची त्याची प्रतवारी गाइडबुकात सापडणार नाही. आधी जिथे पैसे पडत नाहीत ती. बर्लिनच्या राइशटागवरचा नॉर्मन फॉस्टरने केलेला काचेचा घुमट विनामूल्य आहे, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. तो त्यासाठी भारतातूनच नाव नोंदवून आलेला असतो. बर्लिनमधलाच ३६८ मीटरचा टीव्ही टॉवर तो खालून बघतो. खालून जास्त उंच वाटतो म्हणे.

कोलोनच्या कॅथेड्रलपाशी मात्र त्याच्यातला सिंहगडकर जागा होतो. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्यांचं तिकीट तो काढतो, अर्ध्यावर दम लागल्यावर गोल जिन्याला दोष देतो आणि वर पोचल्यावर घरच्या ग्रुपवर माहिती टाकतो: काम सुरू १२४८, पूर्ण १८८०, मधे जवळजवळ तीनशे वर्षं बंद. पुण्यातल्या उड्डाणपुलांबद्दल आपण उगाच बोलतो, असा काकांचा शेरा लगेच येतो. खाली उतरल्यावर तो एका आजोबांना फोटो काढायची विनंती करतो. १५७ मीटरचे दोन्ही मनोरे कळसापर्यंत येतात. तो कपाळापर्यंत येतो.

खरी कसोटी न्यूश्वानस्टाइनला. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, कर्जावर कर्ज काढलं, तरी बहुतेक खोल्या अपुऱ्याच राहिल्या. स्वतः तो तिथे सहा महिनेही राहिला नाही. जून १८८६मध्ये त्याला मनोरुग्ण ठरवून पदच्युत केलं आणि काही दिवसांतच तो श्टार्नबर्गच्या तळ्यात मृतावस्थेत सापडला. सात आठवड्यांत सरकारने तिकीट लावून किल्ला लोकांना खुला केला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता पुढे उभा असलेल्या मुलाला ही कथा जरा जास्तच जवळची वाटते. आत फोटो काढायला बंदी आहे असं कळताच तो तिकिटाची रांग सोडतो. फोटो नसेल तर आत जाऊन आलो हे सिद्ध कसं करणार?

मग तो मारियनब्रुकेवर जातो. दरीवर नव्वदेक मीटर उंच असलेल्या या पुलावरून किल्ला पोस्टकार्डासारखा दिसतो. इथे व्हिडिओ कॉल लागतो. 'कठड्याला टेकू नकोस,' आई. 'जरा डावीकडे फिरव, डोंगर दिसू दे,' बाबा. 'काय खाल्लंस?' आजी. मागे सेल्फीसाठी ताटकळलेले वीसेक पर्यटक हे सगळं मराठीतून ऐकत असतात. याला तो सोलो ट्रिप म्हणतो.

मुलगी असेल तर हिशेब वेगळा. तिचं लोकेशन आईकडे आणि मावशीकडे चालूच असतं, होस्टेलचे वाईट रिव्ह्यू तिने आधी वाचलेले असतात आणि ती तिकीट काढून किल्ला आतूनही बघते. व्यक्तिचित्राला त्यामुळे ती फारशी उपयोगाची नाही.

याच दिवसांत ऑक्टोबरफेस्ट भरतो, नाव ऑक्टोबरचं असलं तरी सप्टेंबरातच. मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तो जातोच. म्युनिकच्या खोल्यांचे भाव भडकलेले असतात म्हणून मुक्काम आउग्सबुर्गला, तिकीट आहेच. लिटरभर बिअरचा मग २०२५मध्ये साधारण पंधरा युरोंचा. दोन शून्यं लागतात. कोणीतरी रिकामा करून ठेवलेला मग उचलून तो फोटो काढतो. आईसाठी दुसरा, मगाशिवायचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर वर्ग भरतो तेव्हा शेजारच्या जर्मन मुलापेक्षा याने जर्मनी जास्त बघितलेली असते; फक्त प्रयोगशाळा कुठल्या इमारतीत आहे ते त्याला माहीत नसतं. पुढच्या वर्षी येणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो आता जाणकार आहे. कुठली गाडी, कुठलं होस्टेल, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच ब्रेड घ्या, सगळं पाठ. न्यूश्वानस्टाइनबद्दल कोणी विचारलं की उत्तर लगेच येतं: 'बाहेरूनच बघ. आत तसं काही विशेष नाही.'