हाताला वीत

आमच्या कुरखेड्यात मे महिन्यात घराचं छप्पर आणि घरचा मालक, दोघंही उघडे पडतात. छप्पर कवेलू (म्हणजे कौलं) फेरायचे म्हणून, आणि मालक फेरणारा मिळत नाही म्हणून. फेरणारी सगळी मंडळी पहाटेच तेंदूपत्त्याला जंगलात गेलेली असते. दुपारी परतली की पुडे बांधत बसते. तिकडे हंगामाचा रोख पैसा, इकडे माझं छप्पर. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तेंदूलाच गेलो असतो.

यंदा मुलीनं पुण्याहून उपाय सुचवला. "बाबा, आधी घराचं थ्री-डी मॉडेल करा. मग ठरवू, कवेलू ठेवायचे की स्लॅब टाकायची." तिनं तिथूनच माझ्या लॅपटॉपवर घर आखायचं सॉफ्टवेअर चढवून दिलं. त्याचं नाव सांगत नाही. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, हे पुढे दिसेलच.

भिंतींना दोन संध्याकाळी गेल्या. आमची मातीची भिंत दीड फूट जाड. तो आकडा भरला की काटकोनात मिळणाऱ्या भिंती एकमेकींच्या अंगावर यायच्या आणि देवघराची खोली नाहीशी व्हायची. शेवटी देवांना सहा इंची भिंतीत बसवलं. मग 'छप्पर' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि क्षणात आख्खं दुपाखी छप्पर उभं राहिलं! हेच उभं करायला आज्याला दोन उन्हाळे लागले होते. आढं, त्यावरून उतरणारे सागाचे फाटे, त्यांवर बांबूच्या कमच्या आणि मग कवेलू. त्यानं हे घर बांधलं चांदा जिल्ह्यात. 26 ऑगस्ट 1982 रोजी ते जागचं न हलता गडचिरोली जिल्ह्यात आलं. घराची याहून मोठी दुरुस्ती आमच्या घराण्यात कोणी केलेली नाही.

पुढचा प्रश्न, छपरावर घालायचं काय? यादीत स्लेट होती, डांबरी शिंगल होतं, पत्रा होता. कवेलू नव्हते. शोधता शोधता 'स्पॅनिश' या नावाखाली एक चित्र दिसलं आणि मी ओरडलोच, "अगं, हे तर आपल्या कुंभारवाड्यातलं!" तोच अर्धगोल, एका टोकाला निमुळता आकार. एक ओळ उताणी, तिच्या फटींवर दुसरी पालथी. आमचा कुंभार चाकावर नळा काढून त्याचे उभे दोन भाग करायचा. आपण स्पेनचं काम करतो आहोत, हे त्याला कोणी सांगितलं नाही. आणि आम्ही ज्याला 'इंग्रजी कवेलू' म्हणतो, त्या चपट्या कवेलूचा कारखाना 1865 साली मंगळुरात बासेल मिशनच्या एका जर्मन मिशनऱ्यानं काढला. म्हणजे आमच्या गावात इंग्रजी ते जर्मन आणि गावठी ते स्पॅनिश. इतकं आंतरराष्ट्रीय छप्पर गळत असलं तरी मान ताठ झाली.

इथं थांबलो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण उताराच्या चौकटीत '12 ला 6' असा आकडा आपणहून आलेला होता. आडवं 12 इंच गेलं की उभं 6 इंच चढायचं. मला ते छप्पर बसकं वाटलं. मी 12 ला 12 केलं. घर एकदम स्वित्झर्लंडात गेलं. मग हुरूप येऊन पुढची छपरी ओढली, तिचा उतार अंगणाकडे हवा तो घराकडे झाला. मधली भिंत पुसली, तर छप्पर हवेत तसंच तरंगत राहिलं. दरवेळी कंट्रोल आणि झेड. आठ दिवसांत मी जितकी घरं पाडली, तितकी सती नदीच्या पुरानंही पाडली नसतील.

आमचं छप्पर फेरणारे मिस्त्रीमामा तेंदूचं काम आटोपून आले, तेव्हा त्यांना खुर्ची देऊन मॉडेल गरगर फिरवून दाखवलं. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, स्क्रीनजवळ गेले.

"गुरुजी, हे घर कोनाचं होय?"

"आपलंच की."

"मंग कवेलू कायच्यानं चिकटवले जी? इतक्या उतारावर ते राहात नाही. सरकून सांदवाडीत जमा होतीन. खिळा नसते त्याले, आपल्या वजनानं बसते ते. अन् मी कुठी बसू?"

मी छपरी पाहा म्हटलं. त्यांनी ती पाहिली. "हिचं पानी तं सैपाकघरात येते."

आढ्याचं पाणी वळचणीला जातं, हे आम्ही शाळेत म्हण म्हणून शिकवतो. माझ्या छपरीनं वळचणीचं पाणी घरात घेतलं होतं आणि सॉफ्टवेअर चकार शब्द बोललं नव्हतं. बोलणार कसं? त्यात ऊन पाडता येतं, तारीख बदलून सावल्या बदलता येतात. पाऊस मात्र नाही. सामानाच्या यादीत मांजर आहे, पोहण्याचा तलाव आहे. कवेलूंवर उड्या मारणारं माकड नाही.

"मग उतार किती ठेवू, मामा?"

त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंतचा हात टेबलावर आडवा ठेवला, त्याच्या टोकाला दुसऱ्या हाताची वीत उभी धरली. "हाताला वीत. आमचा बाप हेच सांगे."

दोन वितींचा एक हात. म्हणजे 12 ला 6. साडेसव्वीस अंश. आधीपासून त्या चौकटीत होता तोच आकडा! सॉफ्टवेअर आणि मिस्त्रीमामा यांचं एकमेकांना न भेटता एकमत होतं. मध्ये फक्त मी होतो.

मी कंट्रोल-झेड दाबत दाबत पहिल्या छपरापर्यंत मागे गेलो. तोवर मामांनी शिडी लावून खऱ्या छपरावर त्यांचं कंट्रोल-झेड सुरू केलं होतं. एकेक कवेलू काढ, झटक, फुटकं खाली दे, चांगलं पुन्हा बसव. मृगाच्या आधी घर फेरून झालं. स्लॅबचा विषय पुढच्या मे महिन्यावर गेला.

पहिला पाऊस आला तशी लाईन गेली. देवघराच्या कोपऱ्यात टप, टप. बायकोनं अंधारातच गंज आणून बरोबर जागेवर ठेवला. तीस वर्षांची सवय. दुसऱ्या दिवशी मामा आले, वर पाहिलं, खाली पाहिलं अन् म्हणाले, "गुरुजी, तुमच्या नकाशात गंजाची जागा नव्हती."

लाईन आल्यावर मी सामानाची यादी उघडली. गंज नव्हता. एक फुलदाणी घेतली, रुंद केली, बुटकी केली, पितळी रंग दिला आणि देवघराच्या कोपऱ्यात ठेवली. खऱ्या घराशी तंतोतंत जुळणारी माझ्या मॉडेलमधली ती एकच वस्तू आहे.