खांदेपालट

जिममधला रॉड सरळ का असतो? सरळ रॉड बनवायला सोपा पडतो, एवढंच त्याचं कारण. तो बनवताना माणसाच्या खांद्याला कुणी विचारलेलं नाही. पुरुषांच्या स्पर्धेतला रॉड २.२ मीटर लांब आणि २० किलो वजनाचा. बाकी सगळं जुळवून घ्यायची जबाबदारी उचलणाऱ्याची. पंचविशीत हे जाणवत नाही. पंचेचाळिशी उलटली की रॉड गप्पच राहतो, खांदा मात्र बोलायला लागतो.

कोल्हापुरातल्या एका बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांचा उजवा खांदा असाच एका सोमवारी बोलला. सोमवार हा छातीचा दिवस. हा नियम कुणी काढला कोण जाणे, पण जिम कुठलीही असो, त्या दिवशी बेंच मोकळा मिळणं कठीण. गृहस्थांना तो मिळाला. शेजारच्या पोरानं, ‘काका, अजून पाच-पाचची बसते की,’ म्हणून प्लेट पुढे केली. ‘काका’ ऐकल्यावर प्लेट चढवावीच लागते. रॉड छातीपर्यंत आला, वर जाताना निम्म्यावर थांबला, आणि पुढचे चार दिवस गृहस्थ डाव्या हातानं केस विंचरू लागले.

एमआरआयचा अहवाल आला. सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूच्या टोकाला अर्धवट चीर. खांद्याचा सांधा म्हणजे दंडाच्या हाडाचा मोठा गोल आणि त्याच्यासमोर अगदीच उथळ खळगा. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा हाच. पण तो गोल खळग्यात धरून ठेवायचं काम चार छोट्या स्नायूंकडे आहे, आणि आरशासमोर उभं राहून बघितलं तर त्यांतला एकही दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा व्यायाम जिममध्ये सहसा कुणी करत नाही. सुप्रास्पायनेटस तर दंडाचं हाड आणि वरचं छतासारखं हाड यांच्या बोळातून जातो. हात बाजूनं वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात तिथं गर्दी होते आणि कळ येते. त्याच्या आधी नाही, नंतरही फारशी नाही. त्यामुळे गृहस्थ हात वर करून दाखवायचे तेव्हा त्यांचा चेहरा मध्येच वाकडा होऊन पुन्हा सरळ व्हायचा, आणि बघणाऱ्यांना वाटायचं, नाटक करताहेत.

अहवालात काहीही असो, गल्लीनं निदान करून टाकलं होतं: फ्रोजन शोल्डर. चाळिशीनंतर कुणाचाही खांदा दुखला की आपल्याकडे तो फ्रोजनच असतो. कुणी निर्गुडीचा पाला आणून दिला, कुणी महानारायण तेलाची बाटली, आणि एका काकूंनी आपल्या व्याह्यांची दोन वर्षांची कथा तारीखवार सांगितली. वास्तविक या दोन दुखण्यांतला फरक ओळखणं फार अवघड नाही. फ्रोजन शोल्डरमध्ये हात स्वतःला उचलता येत नाही आणि दुसऱ्यालाही उचलून देता येत नाही. सांध्याचं आवरणच आखडलेलं असतं. चिरलेल्या स्नायूच्या माणसाचा हात दुसरा कुणी धरून वर नेऊ शकतो. काकूंनी तसा नेऊनही पाहिला. हात वर गेला. तरी निदान बदललं नाही.

फ्रोजन शोल्डर हे नाव बॉस्टनचा शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यानं १९३४ साली खांद्यावरच्या आपल्या ग्रंथात रूढ केलं. मोठा भांडकुदळ आणि मोठा प्रामाणिक माणूस. शस्त्रक्रियेनंतर रोगी खरोखर बरा झाला का, याचा पाठपुरावा करून निकाल जाहीर करा, असा त्याचा आग्रह होता. मग शहरातल्या बड्या डॉक्टरांशी त्याचं जमणार कसं? वाकून उभं राहायचं, दुखरा हात लोंबता सोडायचा आणि हलकेच झुलवायचा, हा व्यायाम त्याच्याच नावानं ओळखला जातो. गृहस्थ तो बँकेत जेवणाच्या सुट्टीत करू लागले. टेबलाखाली काय पडलंय, असं विचारायला आधी शिपाई आला, मग मॅनेजर.

डॉक्टर म्हणाले होते, ‘विश्रांती द्या.’ गृहस्थांनी ऐकलं ते असं: ‘उजव्या खांद्याला विश्रांती द्या.’ म्हणजे डावा मोकळा, पाय मोकळे, पोट तर जन्मापासून मोकळंच. पट्टीचा व्यायाम करणारा माणूस डॉक्टरचं वाक्य नेहमी असाच वाचतो, त्यातल्या फटी शोधत.

डाव्या हाताच्या बाबतीत शास्त्रही त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत रबरी फुगा दाबून पारा वर चढवण्याचा प्रयोग झाला. एकाच हातानं सराव केला, पण ताकद दुसऱ्या हाताचीही वाढली. ज्यानं काम केलं नाही त्यालाही पगारवाढ! बँकेतल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. नंतर हे पुष्कळ वेळा तपासून झालं आहे. लाभ थोडाच असतो, पण असतो, आणि तो स्नायूपेक्षा मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येतो. गृहस्थ डाव्या हातानं डंबेल मारू लागले आणि उजवा हात खिशात घालून ठेवू लागले.

खरी फजिती झाली ती स्क्वॉटला. पाय धडधाकट, गुडघे शाबूत, रॉड मानेमागे घ्यायला गेले तर उजवा हात तिथं पोहोचेना. मागचा रॉड धरायला खांदा बाहेरच्या बाजूला पूर्ण फिरावा लागतो, ही गोष्ट खांदा दुखेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. पायांच्या व्यायामाला हातानं नकार दिला होता.

यावर जगात इलाज निघालेला आहे. सेफ्टी स्क्वॉट बार नावाचा रॉड मिळतो. मध्ये मानेभोवती जाड गादी, तिच्यातून छातीसमोर आलेल्या दोन मुठी, आणि प्लेटा अडकवायची टोकं खाली झुकलेली. हात मागे न्यायचा प्रश्नच नाही. अमेरिकेचा फ्रेड हॅटफील्ड, ज्यानं १९८७ मध्ये १,०१४ पौंड, म्हणजे जवळजवळ ४६० किलो, खांद्यावर घेऊन बैठक मारली, तो या रॉडचा मोठा पुरस्कर्ता. हा रॉड गादीमुळे खांद्यावर आपोआप टिकतो, म्हणून हात सोडून स्टँडचे दांडे धरायचे आणि गरज पडेल तेव्हा हातांनी स्वतःलाच आधार द्यायचा, या प्रकाराला त्याचंच नाव आहे.

जिमच्या मालकानं तो रॉड इंटरनेटवर बघितला, किंमत बघितली आणि फोन उलटा ठेवला. पण गाव कोल्हापूर. शेतीच्या पंपापासून इंजिनाच्या सुट्या भागांपर्यंत जिथं काहीही ओतून, घासून, जोडून मिळतं ते उद्यमनगर दहा मिनिटांवर. गृहस्थ कागदावर आकृती काढून एका वेल्डरकडे गेले. त्यानं कागद आडवा धरला, उभा धरला. मध्ये गादी, दोन बाजूंना लांब दांडी, पुढे दोन खुंट्या.

‘मालक, जू हाय की हे. बैल कुटं हाय?’

गृहस्थांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

वेल्डर शहाणा होता. फर्निचरचा पोकळ पाइप त्यानं बाजूला सारला. ‘शंभर किलो टांगणार आणि खाली मान घालणार म्हणताय, तर भरीव घ्या,’ म्हणाला. जोडाच्या जागी आधाराला तुकडे दिले, आणि घेऊन जाण्याआधी स्वतः दोन पोरांना दोन टोकांवर उभं करून बघितलं. हा भाग महत्त्वाचा आहे. दुखऱ्या खांद्यावर उपाय म्हणून मोडक्या मानेची सोय करून घेण्यात अर्थ नाही. चांगल्या कंपन्यांचे रॉड महाग असतात ते उगाच नव्हे. त्यांचं पोलाद वाकून परत सरळ होतं, गल्लीतलं वाकतं आणि तसंच राहतं.

व्यायामशाळेतली चमत्कारिक दिसणारी सामग्री बरीचशी अशाच दुखावलेल्या आणि हट्टी माणसांनी जन्माला घातली आहे. चौकटीच्या आत उभं राहून उचलायचा ट्रॅप बार अल जेरार्ड नावाच्या पॉवरलिफ्टरनं काढला, कारण पाठ दुखत होती आणि डेडलिफ्ट सोडायचा नव्हता. ओहायोचा लुई सिमन्स पाठ मोडून पडला तेव्हा त्यानं पालथं झोपून पाय मागे उचलायचं यंत्र तयार केलं, आणि ते आज जगभर विकलं जातं. निरोगी माणूस आहे त्या रॉडवर खूश असतो. शोध लावायची पाळी दुखणाऱ्यावर येते.

राहता राहिली छाती. इथं गृहस्थांना पैसे खर्चावे लागले नाहीत. त्यांनी बेंच सोडला आणि जमिनीवर आडवे झाले. जमिनीवरून रॉड ढकलण्याचा प्रकार बेंचपेक्षा जुना आहे. बाक नंतर आला. जमिनीचा फायदा असा की कोपर टेकलं की हात आणखी खाली जाऊच शकत नाही. त्यामुळे खांद्याच्या पुढच्या बाजूला जो घातक ताण बसतो तो टळतो, आणि मोह झाला तरी फरशी आडवी येते. रॉडऐवजी डंबेल घेतले, तळवे एकमेकांसमोर ठेवले, कोपरं बरगड्यांजवळ आणली, की बोळातली गर्दी आणखी कमी. पुढच्या टप्प्यात त्यांनी बेंचवर परत जाऊन छातीवर लाकडी फळ्या ठेवल्या. रॉड फळीला टेकला की परत वर. पॉवरलिफ्टिंगवाले हे नेहमी करतात, पण त्यांच्याकडे मापून कापलेल्या फळ्या असतात. गृहस्थांनी घरून पाट नेला. तो चैत्रगौरीचा निघाला, आणि घरी जी चर्चा झाली ती इथं देण्यासारखी नाही.

डोक्यावर वजन नेणं बंदच होतं. त्याला पर्याय म्हणून रॉडचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात रुतवायचं आणि दुसरं टोक छातीपासून तिरपं वर ढकलायचं. हात सरळ डोक्यावर जात नाही, पुढे आणि वर जातो, आणि पाठीवरचं फऱ्याचं हाड मोकळेपणी सरकतं. टोकाला टॉवेल गुंडाळायला सांगितलेलं असतं. तो गुंडाळला नाही तर गिलावा पडतो. मालकानं नवा गिलावा केला आणि कोपऱ्यात पाटी लावली: ‘येथे रॉड टेकवू नये.’ पाटीच्या खाली जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्यानं ठोकून गृहस्थांनी तिथंच रॉड टेकवला.

स्कूटरच्या त्या ट्यूबनं बाकीची सेवाही इमानानं केली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं हातात, कोपर कमरेला चिकटवून मध्ये घडी केलेला रुमाल, आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा. रुमाल पडला तर कोपर सुटलं, म्हणजे व्यायाम चुकला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी भिंतीवर बोटांनी चढायची शिडी दाखवली. घरी शिडी नव्हती म्हणून ते स्वयंपाकघरातल्या टाइल्स मोजत बोटं वर नेऊ लागले. कुकर, मसाल्याचे डबे, मग एक्झॉस्ट फॅन, असा प्रगतीचा आलेख पत्नीलाही तोंडपाठ झाला.

खांदा बराच निवळल्यावर त्यांना जुन्या तालमीतल्या वस्तादांकडे जायची बुद्धी झाली. वस्तादांनी जोर साफ नाकारले: ‘छाती खाली घासून वर काढताना सगळा भार खांद्यावर येतोय. आत्ता नको.’ कोपऱ्यातला सगळ्यात हलका मुद्गल काढून दिला आणि मूठ अगदी वरून धरायला लावली, म्हणजे वजन जवळ राहतं. मुद्गल घुमवण्याची ही विद्या एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्यानं इथून उचलली आणि ‘इंडियन क्लब्ज’ म्हणून तिकडे पसरवली. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर ते फिरवण्याची स्पर्धाच होती. दोन्ही वेळा सुवर्ण अमेरिकेला. वस्तादांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग त्यांचे खांदे दुखत नसतील.’

आता जिममध्ये वेगळीच अडचण उभी राहिली आहे. वेल्डरच्या त्या जुवावर ज्यांचे खांदे ठणठणीत आहेत अशी पोरंच दिवसभर बैठका मारतात. मानेला मऊ लागतं, हात मोकळे राहतात, व्हिडिओ बरा येतो. संध्याकाळी सातला गृहस्थ गेले की त्यांना सांगितलं जातं, ‘काका, अजून तीन सेट राहिलेत.’ मालकानं उद्यमनगरात दुसऱ्या रॉडची ऑर्डर दिली आहे, आणि वेल्डर आता भाव किलोवर सांगतो.