आईची सही

“ऐकलंत का वहिनी? माहेरच्या शेजारचा नातू लष्करात गेला!”

कंपाउंडच्या भिंतीवर साड्यांचं बोचकं टेकवून काकू सुरू झाल्या. कडोदऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळे मिलसाठी आलेले खानदेशी, अलिबागकडच्या त्या एकट्याच. धागा कटिंग करताना त्यांचा हात थांबतो, तोंड नाही.

“कुठला शेजार?”

“शनवार तेली हो. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. 1948 नंतर एकेक करत बहुतेक सगळे इस्रायलला गेले. म्हातारी अजून फोनवर मराठीतच भांडते माझ्याशी.”

“तिकडे सक्तीच ना?”

“अठरा झाले की बोलावणं, पोरींनासुद्धा. पण एकुलतं एक असेल, नाहीतर घरातलं कोणी आधीच लढाईत गेलं असेल, तर आईबापाच्या सहीशिवाय लढणाऱ्या तुकडीत घेत नाहीत. घरची ओढाताण असली तर घराजवळ नेमणूक, घरी पैसे, बाहेर काम करायची परवानगीही मिळते.”

“मग करायचीच नाही सही!”

“तेच म्हटलं मी. तर पोरानं आईशी बोलणंच टाकलं म्हणे. शेवटी केली बिचारीनं. आता रात्रभर टीव्हीसमोर.”

मला ही सवलत काही पटली नाही. सरकारनं सरळ ‘नको’ म्हटलं असतं, तर आईवर बोल तरी आला नसता.

“आपल्याकडे बरं बाई, जबरदस्ती नाही.”

“नाही कशी? तुमच्या नणंदेच्या मुलाला फौजेत कोणी धाडलं? दोन एकर कोरडवाहूनंच ना?”

यावर काय बोलणार! मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, त्याचीही सुट्टी रद्द झाली. आमच्या जळगावकडचा एक नवरदेव तर हळदीच्या अंगानं परत गेला, पेपरात आलं होतं.

“अर्ज करता येतो पण,” मी म्हटलं. “फारच अडचण असली तर घराजवळ बदली मागता येते. नोकरीही सोडता येते.”

“आणि पेन्शन?”

“पंधरा वर्षं भरली नाहीत तर कसली पेन्शन!”

“म्हणजे अडचण आहे म्हणून सुटायचं, आणि सुटलं की अडचण दुप्पट. नणंद काय म्हणते?”

“दम्याचं औषध त्याच्याच पगारातून येतं. अर्जाचं नाव काढू देत नाही.”

“आणि सून?”

“हळू बोला! ते उद्या सांगते. नणंद आतच बसलीय.”