घोडं पेंड कुठे खातंय?

फ्रीमाँट गावात वळणं ही आता अडचणीची बाब राहिलेली नाही. हमरस्त्याला लागून टेस्लाचा कारखाना आहे आणि तिथून निघालेल्या मोटारी आपल्या आपण वळतात. निदान त्यांचे मालक गणपतीच्या आरतीला भेटले की तसं सांगतात. त्याच गावात आमच्या जमाखर्चात मात्र पाचशे किलो वजनाचा एक जीव आहे, जो डावीकडे वळायचं नाव घेत नाही. त्याचं स्वतःचं नाव डॉलर.

या नावाने घोटाळे फार होतात. सईने एकदा साताऱ्याला फोन करून "आजोबा, डॉलर पडला!" म्हणून सांगितलं, तर माझ्या सासऱ्यांनी काळजीने विचारलं, "किती?"

सई चौदा वर्षांची आहे. तिच्या वयाची इथली मराठी मुलं बुद्धिबळ खेळतात, रोबो बनवतात, नाहीतर पुढे जन्मात कुणी विचारणार नाही अशा शब्दांची स्पेलिंगं पाठ करतात. सईला तिच्या मैत्रिणीने लिव्हरमोरच्या रोडिओला नेलं आणि ती तिथे पिंपांच्या प्रेमात पडली. बॅरल रेसिंग म्हणजे मैदानात त्रिकोणात मांडलेली तीन पिंपं, बांधकामावर पाण्यासाठी असतात तसली, दोनशे लिटरची. पहिल्या दोघांत नव्वद फुटांचं अंतर, तिसरं त्या दोघांपासून एकशे पाच फुटांवर. मुलगी घोडा भरधाव सोडते, पहिल्या पिंपाला उजवीकडून वळसा, उरलेल्या दोघांना डावीकडून, आणि मग वाऱ्यासारखी परत. चांगला घोडा हे सतराएक सेकंदांत उरकतो. पिंप पाडलं की पाच सेकंदांचा दंड, म्हणजे त्या दिवशीचं सगळं मुसळ केरात. रोडिओत हा खेळ बायकांचा. पुरुषमंडळी बैलांवरून पडण्यात गुंतलेली असताना टेक्ससमधल्या बायकांनी १९४८ साली स्वतःची संघटना काढली आणि पडण्यापेक्षा वळण्यात जास्त अक्कल लागते हे जगाला दाखवून दिलं.

"तिथे कसले घोडे?" असं भारतातून हमखास विचारतात. १९५६ साली पाच गावं एकत्र करून फ्रीमाँट झालं, त्यातलं एक नाइल्स. तिथे १९१२ ते १९१६ या काळात एसेने कंपनीचा स्टुडिओ होता आणि ब्राँको बिली अँडरसन आजूबाजूच्या डोंगरांत घोडा दामटत काउबॉयचे मूकपट काढत होता. चॅप्लिनही १९१५ साली तिथे येऊन 'द ट्रॅम्प' करून गेला. म्हणजे इथे घोडा आधीचा. चिपा, बॅटऱ्या आणि आम्ही नंतरचे. आपल्याकडे वरातीमागून घोडं येतं, इथे घोड्यामागून वरात आली.

डॉलर आमच्या मालकीचा नाही. शिवाजी महाराजांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. सई अर्धी बारगीर आहे. इकडे याला 'हाफ लीज' म्हणतात: घोडा तबेल्याचा, आठवड्यातले ठरलेले दिवस सईचे, आणि चंदी-नालबंदीचा अर्धा भार आमच्यावर. महाराजांच्या बारगिराला सरकारातून पगार मिळायचा. इथे बारगिराचा बाप सरकारला पगार देतो.

आता दुखणं काय ते सांगते. पहिलं पिंप डॉलर झकास घेतो. दुसऱ्याच्या जवळ आला की मान वर, तोंड उघडं, कान मागे. सई डावा लगाम ओढते. नाक डावीकडे येतं आणि बाकीचा घोडा सरळ चालू पडतो, नाक एका गावाला आणि खांदे दुसऱ्या. कुंपणाशी पोचल्यावर त्याला पिंपाची आठवण होते. नाहीतर मग वेळेआधीच आतला खांदा टाकतो आणि पिंप आडवं. आमची ट्रेनर सत्तरीकडे झुकलेली, उन्हात रापलेली, मोजून बोलणारी बाई आहे. ती म्हणाली, "आधी दात बघा. मग पाठ आणि खोगीर. मग वर कोण बसलंय ते बघा. एवढं करून काही उरलंच, तर बिट बदला." सल्ला फुकट होता. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, निखिलने, तो अदबीने ऐकून घेतला आणि घरी येऊन बिट शोधायला बसला.

बिट म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात असणारा लोखंडी भाग. घोड्याचे पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यामध्ये चांगली ऐसपैस मोकळी जागा असते, नुसती हिरडी. निसर्गाच्या मनात काय होतं ते असो. माणसाला मोकळी जागा दिसली आणि त्याने तिथे ताबडतोब बांधकाम केलं. या बांधकामाचे प्रकार मात्र डोकं फिरवणारे आहेत. सगळ्यात साधा तो स्नॅफल: मधे सांधा असलेली कांडी आणि दोन टोकांना दोन कड्या. हाताने एक किलो ओढ दिली की तोंडात एक किलो पोचते, मधे दलाल नाही. मग शँकवाले. त्यांना कड्यांच्या जागी खाली लांब दांड्या आणि हनुवटीखाली पट्टा. इथे तरफ सुरू होते आणि एका किलोचे सहज तीन होतात. गॅग नावाचा प्रकार आधी तोंडात थोडा वर सरकतो, "येतोय हं" अशी वर्दी देतो आणि मग आवळतो. काहींची कांडी पिळलेल्या तारेची, काहींची साखळीची. आणि हॅकमोरमध्ये तोंडात काहीच नसतं, सगळा दाब नाकाडावर.

निखिल चिपांचं डिझाइन करतो. तोवर घोडा त्याच्या दृष्टीने केस गाळणारा आणि बिलं पाठवणारा एक प्राणी होता. "अगं, ही तर साधी तरफ आहे!" असा त्याला साक्षात्कार झाला आणि त्या रात्री एक्सेलची शीट जन्माला आली. शँकची लांबी, कांडीची जाडी, तरफेचं गुणोत्तर, किंमत, गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, असे एकेक रकाने. घोड्याचं मत हा रकाना त्यात नव्हता; सईने तो घातला आणि तो रिकामा राहिला. पहिल्या बिटाने काम झालं नाही तेव्हा मी 'आता पुरे' म्हणाले, तर निखिलने झेनोफोन काढला. या ग्रीक सेनानीने सुमारे साडेतेवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात माणसाजवळ निदान दोन बिटं असावीत, एक गुळगुळीत आणि एक खरबरीत, असं बजावलं. खरबरीताची चव घेतलेला घोडा गुळगुळीतावर खूश राहतो, असा त्याचा हिशेब. म्हणजे दुसऱ्या खरेदीला ग्रीक आधार निघाला. तिसरीला टेक्ससचा.

खोगीर-लगामाच्या दुकानात या बिटांची एक अख्खी भिंत असते. तीस डॉलरपासून दोन-तीनशेपर्यंत, ओळीने टांगलेली, चकचकीत. प्रत्येकाखाली आश्वासन: खांदा उचलतो, वेग आवरतो, मान वाकवतो, वळण आखूड करतो. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की ट्रेनरच्या सल्ल्यातली खोट ध्यानात येते. हलका हात, चांगली नजर, आठवडाभराचा दम या वस्तू खुंटीला टांगता येत नाहीत, त्यांना बारकोड नसतो, आणि त्या घेऊन घरी येताना माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळत नाही. बिट पिशवीतून आणता येतं. म्हणून जगात जिथे जिथे घोडा वळत नाही, तिथे तिथे आधी बिट बदलतात.

मंडळातल्या लोकांचे सल्लेही चालू होतेच. घोड्याचा अनुभव प्रत्येकाला होता: बहुतेकांचा माथेरानचा, काहींचा स्वतःच्या वरातीचा. एक गृहस्थ म्हणाले, "मी लग्नात तासभर बसलो होतो. लगामाला हात लावला नाही, तरी घोडा बरोबर मांडवात आला." हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण लगामाबद्दल त्या संध्याकाळी बोललेलं तेवढं एकच वाक्य ट्रेनरला पटलं असतं. माझ्या नणंदेने पुण्याहून फोनवर या सगळ्यावरून मुलं वाढवण्याबद्दल एक बोध काढला. तो कोणता हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल, तेव्हा मी तो पुन्हा काढत नाही.

सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर डॉलरला नीट न्याहाळलं. त्यांचं बालपण बैलांत गेलेलं. दोनदाती, चौसा, सहादाती, जुळलेला, हे ते लांबून ओळखायचे. "दात बघितलेत?" त्यांनी विचारलं. निखिल म्हणाला, "बाबा, आम्ही लीजवर घेतलाय." "म्हणजे सही बघितलीत," सासरे म्हणाले. मग त्यांनी बिरबलाचं जुनं कोडं घातलं: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? सईला उत्तर पाठ होतं, न फिरवल्यामुळे. "तेच. फिरवा त्याला," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावून, काहीच जमलं नाही तर वेसण घालून बघा, असंही सुचवलं.

गंमत अशी की डॉलरला फिरवणं कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं. निखिल नवं बिट आणायचा, सई ते तपासायला त्याच तीन पिंपांभोवती त्याला पुन्हा पुन्हा घुमवायची. बिट जितकं कडक, तितकी त्याची मान वर. शेवटी शेवटी तर पिंप लांबून दिसलं तरी तो कान मागे टाकू लागला.

याच सुमारास सईला स्कॅम्परची गोष्ट सापडली आणि घरातलं वारं फिरलं. न्यू मेक्सिकोतल्या क्लेटनची शार्मेन जेम्स ही मुलगी स्कॅम्परवर बसून १९८४ ते १९९३ अशी लागोपाठ दहा वर्षं बॅरल रेसिंगची जगज्जेती झाली. १९८५ च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत एका फेरीला मैदानात शिरतानाच स्कॅम्परच्या डोक्यावरचा साज सुटला. बिट तोंडातून गळून पडलं. भरधाव घोडा, समोर पिंपं, आणि लगाम म्हणून जे हातात आहे ते कशालाच जोडलेलं नाही. स्कॅम्परने तिन्ही पिंपं घेतली आणि ती फेरी जिंकली. सईने हे जेवताना सांगितलं. निखिलने बराच वेळ शीटकडे पाहिलं. तरफेचं गुणोत्तर शून्य असलेल्या घोड्यासाठी त्यात रकाना नव्हता.

मग घोड्यांचा डॉक्टर आला. डॉलरला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तशी त्याची मान खाली आली आणि खालचा ओठ लोंबायला लागला. तोंड उघडं राहावं म्हणून लोखंडी चौकट बसवली, डॉक्टरने कपाळाला दिवा लावला आणि मला आत बघायला बोलावलं. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि तो आडवं चावतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड झिजायची राहते आणि हळूहळू तिला धार येते. डॉलरची डावीकडची धार अशी होती की तिच्यासमोर गालाच्या आतल्या बाजूला लांबलचक जखम पडली होती. सई लगाम ओढे, गाल त्या धारेवर दाबला जाई, तो मान वर करी, आम्ही आणखी जोरात दाबणारं बिट आणू. म्हणजे घोडं पेंड कुठे खातंय हे बघायला आम्ही सगळीकडे गेलो होतो, फक्त जिथे ते पेंड खातं तिथे सोडून.

डॉक्टरने लांब दांड्याची, मोटरवर चालणारी कानस काढली. तिला वेग कमी-जास्त करायची सोय होती. निखिल तिच्याजवळून हलेना.

गाल भरून आल्यावर ट्रेनरने पिंपं उचलून कुंपणाबाहेर ठेवली आणि डॉलरला नुसतं डोंगरावर चालवून आणायला सांगितलं. मैदानात परतल्यावर तिने सईचाही समाचार घेतला. सई पिंपाकडे बघायची, आणि स्वार बघतो तिकडे घोडा जातो. म्हणून पिंप पडायचं. नजर पिंपापुढच्या मोकळ्या जमिनीवर ठेवायची, बूड खोगिरात टेकवून वेग आवरायचा आणि आतला लगाम मागे ओढायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडायला बरेच शनिवार गेले. डॉलर आता तबेल्यातल्याच जुन्या, साध्या स्नॅफलवर डावीकडे वळतो. वेळ एकोणीसच्या आसपास लागते, म्हणजे लिव्हरमोरच्या रोडिओवाल्यांनी धसका घ्यावा असं काही नाही. पण नाक आणि खांदे एकाच गावाला जातात.

प्रश्न उरला बिटांचा. गराजमध्ये त्यांची एक छोटी भिंत तयार झाली होती. निखिलने शीटमधून माहिती उचलून विक्रीची जाहिरात टाकली. पहिल्याच दिवशी एक बाई मोठा पिकअप घेऊन आल्या. त्यांचा घोडा उजवीकडे वळत नव्हता. बिटं हातात घेऊन उलटसुलट बघत त्यांनी विचारलं, "का विकताय?"

खोटं बोलणं निखिलच्या स्वभावात नाही. तो म्हणाला, "आमचा घोडा आता वळतो."

बाईंनी सगळीच्या सगळी घेतली.