घाटीला नंबर लागण्याचे शास्त्र (हर्सूल आवृत्ती)

हर्सूल परिसरातील बारावीच्या विद्यार्थ्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे 1956 साली स्थापन झालेल्या आणि गावभर ‘घाटी’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, एमबीबीएसला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न टी-पॉइंटवरील चहाच्या टपरीपासून जटवाडा रोडवरील मंगल कार्यालयापर्यंत सर्वत्र विचारला जातो; तथापि त्याचे उत्तर कोणत्या पद्धतीने काढावे याविषयी जाणकारांत एकवाक्यता नाही. प्रस्तुत विवेचन ती उणीव भरून काढण्यासाठी आहे. या विद्येत विद्यार्थ्याने स्वतः काहीही मोजावयाचे नसते, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. त्याने अभ्यास करावा. हिशेबाचे काम वडील, मामा, शेजारचे काका आणि क्लासचे समुपदेशक यांनी परस्पर वाटून घेतलेले असते.

पहिला घटक अंतराचा. हर्सूलहून निघालेली रिक्षा दिल्ली दरवाजा ओलांडून थोड्याच वेळात घाटीत पोहोचते, त्यामुळे जवळच्या मुलाचा हक्क आधी, अशी नवख्या पालकांची समजूत होते. ही समजूत एके काळी अगदीच निराधार नव्हती. राज्यात पूर्वी 70:30 सूत्र लागू होते, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग पाडून प्रत्येक विभागातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यातील 70 टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना आणि 30 टक्के जागा राज्यभरातील विद्यार्थ्यांना दिल्या जात. मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने त्यांचे 70 टक्केही कमीच भरत, आणि उर्वरित महाराष्ट्रातील मुबलक जागांच्या दारात येथील हुशार मुले 30 टक्क्यांच्या रांगेत उभी राहत. म्हणून हे सूत्र रद्द करावे अशी मागणी मराठवाड्यातूनच जोरात झाली आणि सप्टेंबर 2020 मध्ये ते रद्दही झाले. मागणी हिशेबाने योग्यच होती. परिणाम एवढाच की शेजारधर्माला मिळणारे एकमेव कायदेशीर गुण त्यामुळे गेले, आणि आता प्रवेशाच्या दृष्टीने घाटी हर्सूलपासून जितकी दूर आहे तितकीच ती गडचिरोलीपासूनही आहे.

दुसरा घटक अंकगणिताचा. तो थोडक्यात आटोपता येतो. घाटीत एमबीबीएसच्या 200 जागा आहेत. त्यांतील 15 टक्के, म्हणजे सुमारे 30, अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या 170 च्या आसपास जागा राज्याच्या वाट्याला येतात आणि त्या पुढे प्रवर्गनिहाय विभागल्या जातात. दुसऱ्या बाजूला नीट या प्रवेश परीक्षेस 2025 मध्ये देशभरातून सुमारे 22 लाख उमेदवार बसले. या दोन आकड्यांचा भागाकार करू नये. तो केल्यास मनःस्थिती बिघडते आणि शिवाय उत्तरही चुकीचे येते, कारण त्या 22 लाखांपैकी प्रत्येकाला घाटीच हवी असते असे नाही, हे हर्सूलमध्ये कोणी मान्य करीत नसले तरी.

तिसरा घटक कटऑफ. कटऑफ म्हणजे प्रवेशफेरी संपल्यावर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण. व्याख्येनुसारच ही गोष्ट निवडीनंतर जन्माला येते. पण पालकवर्ग ती निवडीआधी वापरतो, आणि त्यासाठी मागील वर्षीचा आकडा घेतो. 2024 मध्ये पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 गुण पडले होते. 2025 मध्ये प्रश्नपत्रिका, त्यातही भौतिकशास्त्र, इतकी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्या उमेदवारालाही 686 वरच थांबावे लागले. साहजिकच राज्यातील शासकीय महाविद्यालयांचा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ एका वर्षात शंभरावर गुणांनी खाली आला. ज्या घरांत मे महिन्यात ‘साडेपाचशेला काही होत नाही, बीएस्सीचं बघा’ असे ठरून गेले होते, त्याच घरांत पुढे पेढे वाटले गेले. तरीही मागील वर्षीचा कटऑफ वहीत उतरवून ठेवण्याची प्रथा सोडू नये. मामांना फोनवर सांगण्यासाठी काही तरी आकडा लागतोच.

येथे हर्सूलच्या हरसिद्धी मातेला बोललेल्या नवसाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. समग्र गणनेत मागील वर्षीच्या आकडेवारीवर अवलंबून नसलेला हा एकच घटक असल्याने शास्त्रीय दृष्ट्या तो सर्वांत कमी दिशाभूल करणारा ठरतो.

चौथा घटक फ्लेक्स. निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर एकच चष्मेवाला मुलगा तीन वेगवेगळ्या क्लासच्या टी-शर्टांत हसताना दिसला, तर अभ्यासकाने गोंधळून जाऊ नये: पहिल्या क्लासला त्याने दोन वर्षे काढलेली असतात, दुसऱ्याची टेस्ट सिरीज सोडविलेली असते आणि तिसऱ्याकडे तो एका रविवारी मोफत मार्गदर्शनाला जाऊन आलेला असतो. कोचिंग क्लासच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे जाहिरातीत सांगणे आवश्यक केले आहे. तो मजकूर असल्यास खालच्या कोपऱ्यात शोधावा. दुचाकी थांबवून शोधावा, चालत्या गाडीवरून तो दिसत नाही.

यालाच जोडून ‘टायअप’ समजून घ्यावे. टायअप म्हणजे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, हजेरीही तेथेच, आणि विद्यार्थी मात्र दिवसभर क्लासमध्ये. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गास 50 टक्के आणि राखीव प्रवर्गास 40 टक्के गुण पुरत असल्याने बोर्डाची परीक्षा ही उंबरठ्यापुरती उरली आहे. प्रयोगशाळेत बेडूक काय, ब्युरेटही न पाहिलेला विद्यार्थी पुढे शरीररचनाशास्त्राच्या टेबलापाशी उभा राहू शकतो. यावर हसण्यासारखे फारसे काही नाही.

शेवटचा आणि सर्वांत निर्णायक घटक कागदपत्रांचा. हर्सूलमध्ये स्पर्धेविना प्रवेश देणारी एकच मोठी शासकीय संस्था आहे, ती म्हणजे मध्यवर्ती कारागृह. आणि तेथेही कागद पूर्ण असल्याशिवाय आत घेत नाहीत. वैद्यकीय प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला, त्या दाखल्याची समितीने पडताळणी केल्याचे जात वैधता प्रमाणपत्र, आणि अनुसूचित जाती-जमाती वगळता कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असे सांगणारे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र असा संच लागतो. वैधता नसेल तर राखीव प्रवर्गाचा दावा टिकत नाही, आणि दोन वर्षे रात्री जागून मिळविलेले गुण खुल्या प्रवर्गाच्या कटऑफखाली जाऊन बसतात. पसंतीक्रम भरण्याच्या शेवटच्या रात्री तर ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो, वडील वाळूजच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला असतात, मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये असतो, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांचीच असते. फेरीत जागा मिळाल्यावर ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरला की तीच जागा पक्की होते व पुढील फेऱ्यांतून उमेदवार बाहेर पडतो, हे माहीत नसलेल्या काकांच्या सल्ल्याने तो अर्ज कधीही भरू नये.

सबब, अन्य सर्व घटकांचा विचार जूनपर्यंत लांबविला तरी चालेल. ज्यांच्या घरी यंदा बारावीचे मूल आहे त्यांनी आज संध्याकाळी कपाटातील नॉन-क्रिमीलेयर काढून त्यावरील मुदत वाचावी, ती प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत पुरत नसल्यास तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन उद्याच सेतू सुविधा केंद्र गाठावे, आणि प्रवेशाच्या अर्जावर मोबाइल नंबर आईचा द्यावा.