तुमचा सेक्टर कोणता?

चंदीगडमध्ये माणसाला आडनाव नंतर विचारतात, आधी सेक्टर. आकडा कळला की समोरचा मनातल्या मनात तुमचा बंगला, गाडी आणि वडिलांचा हुद्दा मांडून मोकळा होतो. आकडा एक अंकी असला तर खुर्ची पुढे येते. बारा म्हणजे पीजीआय रुग्णालय, चौदा म्हणजे विद्यापीठ, सतरा म्हणजे बाजार, पंचवीस म्हणजे स्मशान. जन्मापासून सरणापर्यंतचा प्रवास या शहरानं पाढ्यात बसवलाय.

शब्द मात्र फार जुना आणि वळणाचा वाईट. लॅटिनमध्ये सेक्टर म्हणजे कापणारा. रोममध्ये जप्त झालेली मालमत्ता लिलावात उचलणाऱ्यालाही सेक्टरच म्हणत. इसवी सनपूर्व 80 मध्ये सिसेरो नावाच्या वकिलानं भर कोर्टात यावर कोटी केली होती: हल्ली माना कापणारे आणि मालमत्ता कापणारे बहुधा एकच असतात! म्हणजे इतिहासातला पहिला सेक्टर हा प्रॉपर्टी डीलर निघाला. पुढे शब्द सुधारला, भूमितीत गेला आणि वर्तुळाचा तुकडा झाला. आपल्या पाठ्यपुस्तकानं तर त्याला ‘वर्तुळपाकळी’ म्हणून थेट बागेत नेलं. मग पहिल्या महायुद्धात तो आघाडीचा तुकडा झाला, पुढे अर्थशास्त्रात शिरून पब्लिक आणि प्रायव्हेट असा दुभंगला.

1951 मध्ये हा शब्द चंदीगडचा आराखडा आखणाऱ्या वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या हाती लागला. आधीच्या अल्बर्ट मेयरच्या आराखड्यातले वळणदार रस्ते या गृहस्थानं पट्टी ठेवून सरळ केले आणि 800 बाय 1200 मीटरच्या आयताला सेक्टर म्हटलं. चार काटकोनांची वर्तुळपाकळी! आमच्या भूमितीच्या मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं. हेतू चांगला होता, हे कबूल. शाळा, दुकानं, हिरवळ सगळं आतच. पोराला मोठा रस्ता ओलांडायला नको. पोरं ओलांडत नाहीत, ते ठीक. पण मोठी माणसंही मनानं ओलांडेनात. उत्तरेला ऐसपैस बंगले, दक्षिणेला दाटीवाटीची घरं. बुडैल गाव तर सेक्टर 45 च्या पोटात आपल्या गल्ल्यांसकट तसंच बसलंय, नकाशानं गिळलेलं पण न पचलेलं.

तेरा आकडा अशुभ म्हणून गाळला, असं सांगतात. विज्ञाननिष्ठ, आधुनिक, अंधश्रद्धेपासून मुक्त अशा शहरात बारानंतर थेट चौदा. आणि गंमत बघा, समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज करा: 9 आणि 17 म्हणजे 26, 17 आणि 22 म्हणजे 39, 35 आणि 43 म्हणजे 78. हाकललेला तेरा पाढ्याच्या मागच्या दारानं आत! शेवटी 2020 मध्ये तो आकडा मनीमाजऱ्याच्या गळ्यात बांधला. जुन्या गावाला अशुभाची सवय असते, असा हिशेब असावा.

आमच्या सिडकोनंही सेक्टर आणले, पण मराठी काटकसरीनं: तेच आकडे वाशीत, तेच नेरुळात. नुसतं ‘सेक्टर एक’ म्हणून नवी मुंबईत कुणी खुर्ची पुढे करत नाही, रिक्षावाला ‘कुठला?’ विचारतो.

आता खरी मेख. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सेक्टर 1 ते 30 मधल्या बंगल्यांचे मजल्यामजल्यानं फ्लॅट पाडायचे नाहीत. शहराचा वारसा जपायचाय. कापणाऱ्याच्या हद्दीतच कापाकापीला बंदी! पण पंजाबी माणूस हिशेबाला कच्चा नाही. एक कनाल जमिनीवरच्या बंगल्यासमोर उभे राहा. कागदावर घर अखंड. वर तीन गॅस, भिंतीवर तीन मीटर, फाटकाशी तीन गाड्या आडव्या. डीलरला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, ‘कोठी तो एक ही है जी, बस घंटियाँ तीन हैं.’